कानोसा : दोन हजारांच्या आतला वायरवाला इअरफोन कसा पारखायचा

ह्या महिन्यात बरीचशी पत्रं इअरफोनबद्दलच आली, आणि तीही वायरवाल्या. म्हणून बाकीचे विषय पुढच्या अंकात घेतो, आज सगळी जागा ह्यालाच.

प्रश्न : नमस्कार दादा, मी फोंड्याची, कॉलेजला आहे आणि गाणं शिकते. गुरुजी क्लिप पाठवतात त्या नीट ऐकायला आणि माझ्या रियाझाचं रेकॉर्डिंग तपासायला वायरवाला इअरफोन घ्यायचाय. ब्लूटूथ आहे पण तबल्याच्या ट्रॅकवर गाऊन रेकॉर्ड केलं की माझा आवाज समेच्या मागेच पडलेला असतो. बजेट दीड-दोन हजार. मडगावला दुकानात विचारलं तर म्हणाले हा घ्या ह्यात चार ड्रायव्हर आहेत, मैत्रीण म्हणते एक ड्रायव्हरवाला मूनड्रॉप चू टू घे, ऑनलाइन बघितलं तर प्रत्येकाचं वेगळंच. ग्राफबिफ मला कळत नाहीत. नुसतं नाव सांगू नका, पारखायचं कसं ते सांगा ना. — एक विद्यार्थिनी, फोंडा

उत्तर : बाय, आधी ते समेचं. तू ताल चुकत नाहीयेस. ब्लूटूथमध्ये आवाज फोनमधून निघून कानापर्यंत यायला सेकंदाचा दहावा-पाचवा भाग सहज जातो, तू त्या उशिरा आलेल्या ठेक्यावर बरोबर गातेस आणि फोन मात्र मूळ ट्रॅकच्या वेळेशी तुझा आवाज जोडतो, म्हणून तू मागे पडल्यासारखी वाटतेस. वायरमध्ये हा उशीर जवळपास नसतो. तेव्हा तुझ्या कामाला वायरच बरोबर, स्वस्त पडते म्हणून नव्हे, कामाची आहे म्हणून.

आता ते चार ड्रायव्हर. ड्रायव्हर म्हणजे आतला छोटा स्पीकर. जास्त असले की आवाज चांगला असं अजिबात नाही, उलट स्वस्तात चार स्पीकर एकमेकांशी जुळवून बसवणं अवघड असतं आणि एकच १० एमएमचा बरा डायनॅमिक ड्रायव्हर नीट ट्यून केला तर तो त्या चारांपेक्षा गोड वाजतो. किमतीचंही तसंच. जेरोन ब्रीबार्ट ह्या संशोधकाने २०१७ मध्ये २८३ हेडफोनांची मोजमापं त्यांच्या किमतीशी ताडून बघितली, त्यात कानात घालायचेही होते, आणि फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्स म्हणजे खालच्या-वरच्या स्वरांचा समतोल आणि किंमत ह्यांत काहीच संबंध सापडला नाही. म्हणजे दोन हजारांचं बजेट आहे म्हणून मन लहान करायचं कारण नाही, पण निवड मात्र कानानेच करावी लागते.

खोक्यावरचे आकडे वाचून फार हाती लागत नाही. ४० किलोहर्ट्झपर्यंत वाजतो असं लिहिलेलं असतं, माणसाचा कान तरुणपणीसुद्धा २० च्या वर ऐकत नाही. एकावर ११९ डेसिबल, दुसऱ्यावर १०७, मग ११९ वाला जोरात वाजेल असं वाटतं, पण कोणी एका व्होल्टला मोजतो कोणी एका मिलीवॅटला, १६ ओमच्या (ओम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप) इअरफोनला नुसत्या ह्या मोजण्याच्या पद्धतीनेच साधारण १८ डेसिबलचा फरक दिसतो. ओम १६ ते ३२ च्या दरम्यान असले की फोनवर नीट वाजतो एवढं बघ आणि पुढे चल.

आणि पुढे म्हणजे कानातली बैठक. माझ्या मते स्वस्त इअरफोनची निम्मी परीक्षा इथेच असते आणि लोक नेमकी हीच सोडून देतात. खोक्यात रबराच्या तीन मापांच्या टिप्स येतात, बहुतेक लोक मधली लावलेली असते तीच ठेवतात, आणि मग "बेस नाही, पत्र्यासारखा वाजतो" म्हणून परत करतात. टिप आणि कान ह्यांच्यात केसाएवढी फट राहिली तरी खालचा सगळा आवाज तिथून निघून जातो. घालताना विरुद्ध बाजूच्या हाताने कानाची पाळी वर-मागे ओढायची, दुसऱ्या हाताने इअरफोन आत सरकवून किंचित फिरवायचा, आणि मग पाळी सोडायची. बरोबर बसला की बाहेरचा पंख्याचा आवाज एकदम दबतो आणि स्वतःचं बोलणं डोक्याच्या आत घुमल्यासारखं वाटतं. मग तोंड उघडून बंद करून बघ, गाणारी आहेस तर तोंड मोठं उघडून "आ" लावून बघ, जबडा हलल्यावर सील सुटत असेल तर एक माप मोठी टिप लाव. दोन्ही कानांना एकच माप लागेल असंही नाही, पुष्कळांना डावीकडे एक आणि उजवीकडे दुसरं लागतं. घालताना आत पातळ कागद चुरगळल्यासारखी कर्रर्र येते ती ड्रायव्हरच्या पडद्यावर हवा दाबल्याची, हळू घातलं की सहसा येत नाही, पण दरवेळी मोठ्याने येत असेल आणि एका बाजूचा आवाज जात असेल तर तो पीस बदलूनच घे.

वायर कानावरून मागे वळवून घालायचे जे असतात तेच घे असं मी सांगेन. वायर सरळ खाली लोंबत असली की चालताना कपड्यावर घासून ठकठक कानात येते, कानावरून वळवली की ती बरीच कमी होते.

आता आवाज. परीक्षेला इंग्रजी टेस्ट ट्रॅक शोधत बसू नकोस, जे आवाज तू प्रत्यक्ष समोर बसून ऐकले आहेस तेच लाव. आपल्याकडे चतुर्थीतल्या घुमट आरतीपेक्षा चांगली परीक्षा मला तरी माहीत नाही. घुमट मातीचा, एका तोंडावर चामडं आणि दुसरं तोंड हाताने उघडझाक करायचं, त्यामुळे प्रत्येक थापेमागे एक वळणारा घुमारा असतो. पूर्वी घोरपडीचं चामडं असायचं, त्यावर बंदी आल्यावर आता बकरीचं लावतात, आणि २०१९ मध्ये सरकारने त्याला गोव्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीरही केलं. तर मोबाइलवर घरच्याच आरतीचं बरं रेकॉर्डिंग असेल तर ते लाव आणि तीन गोष्टी वेगळ्या ऐकू येतात का बघ : घुमटाचा घुमारा, शामेळ म्हणजे साथीचा ढोल, त्याच्या काठ्यांची टणक थाप, आणि वर कासाळ्यांची म्हणजे झांजांची किणकिण. बेस फुगवलेल्या इअरफोनमध्ये घुमट आणि शामेळ एकत्र होऊन नुसतं धडधड ऐकू येतं, माती ऐकूच येत नाही. उलट बेस सुकलेला असेल तर घुमट टिमकीसारखा वाजतो. आणि कासाळी अंगावर आली, थोड्या वेळाने कान शिणला, तर वरचा भाग टोचरा आहे असं समज, तो पुढे सवयीचा होईल अशी आशा ठेवू नकोस.

मग माणसाचा आवाज, तुझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा. आपल्या कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब असते आणि ती ३००० हर्ट्झच्या आसपासचा आवाज आपोआप वाढवून देते. गळ्यातला कणीदारपणा, शब्दांची स्पष्टता बरीचशी तिथेच असते. इअरफोनने नळी बंद केली की ती नैसर्गिक वाढ जाते, म्हणून ती बनवणाऱ्याने ट्यूनिंगमध्ये परत घालावी लागते. ती कमी घातली तर गायक पडद्यामागून गातोय असं वाटतं, जास्त घातली तर बाईचा आवाज तारसप्तकात चिरतो. अभिषेकीबुवांचं एखादं नाट्यपद लाव, बुवा मंगेशीचे म्हणजे तुझ्या शेजारचेच, शब्द टाकायची त्यांची पद्धत इतकी स्वच्छ आहे की इअरफोनने शब्द खाल्ला की लगेच कळतं. त्यात "स" आणि "श" कडे लक्ष दे, ते शिट्टीसारखे सुटून बाहेर येत असतील तर नको. मोगूबाईंची किंवा केसरबाईंची जुनी ध्वनिमुद्रणं मात्र परीक्षेला घेऊ नकोस, त्यात तबकडीची खरखर असते आणि चांगला इअरफोन ती खरखरही प्रामाणिकपणे ऐकवतो, मग उगाच तो वाईट ठरतो.

तानपुरा लावून गाणारा बरोबर मधोमध ऐकू येतो का तेही बघ. एका बाजूला ओढलेला वाटला तर इअरफोन अदलाबदल करून घाल, डावा उजव्यात. ओढ बाजू बदलून दुसरीकडे गेली तर इअरफोनची जोडी जुळलेली नाही, ओढ त्याच बाजूला राहिली तर तुझ्या कानाची किंवा टिपची गोष्ट आहे. स्वस्तात ही जोडी न जुळणं बऱ्यापैकी सापडतं, म्हणून हे पहिल्याच दिवशी करून घे.

आणि दोन इअरफोन ताडताना आवाज सारखा करून ताड. जो थोडा मोठ्याने वाजतो तो आपल्याला आपोआप चांगला वाटतो, प्रत्येकालाच वाटतो.

नुसतं नाव नको म्हणालीस तरी सांगतो. चू टू चांगलाच आहे, पहिला चू २०२२ चा, त्याची वायर कायमची जोडलेली होती, दुसऱ्याची काढता येते, आणि ते फार मोठं काम झालं कारण इअरफोन मरतात ते नव्वद टक्के वेळा वायरीतच असं मला वाटतं. आवाज स्वच्छ, वरचे स्वर जरा उजळ. तांगझू वान-एर किंचित ऊबदार आणि आवाज भरलेला, गाणं शिकणाऱ्याला मी हाच आधी ऐकायला सांगेन. सेव्हन हर्ट्झचा झीरो टू, त्यात बेस जास्त पण मधला भाग दबत नाही. तिन्ही एकाच ड्रायव्हरचे आहेत, साधारण तुझ्या बजेटच्या आसपास मिळतात, भाव खालीवर होत असतात ते बघून घे. तुला रेकॉर्डिंग फोनच्याच माइकवर करायचं असेल तर माइक नसलेली वायर घे, वायरीला माइक असला की फोन स्वतःचा माइक सोडून तोच पकडतो आणि तो लोंबता माइक गाण्यासाठी बरा नसतो.

दुकानात कानात घालून बघायला देत नाहीत, ते स्वच्छतेच्या दृष्टीने बरोबरही आहे. म्हणून परत घेण्याची मुदत असलेल्या ठिकाणाहूनच घे आणि खोका उघडल्या दिवशीच हे सगळं कर.

प्रश्न : माझ्या नवीन फोनला इअरफोनचं भोकच नाही. बाजारातून टाइप-सीचा छोटा अडॅप्टर आणला तर आवाजच नाही, "डिव्हाइस सपोर्टेड नाही" असा मेसेज. दुकानदार म्हणतो फोन खराब, मित्राच्या फोनवर तोच चालतो. काय समजायचं? — वास्को

उत्तर : फोन चांगला आहे, अडॅप्टर चुकीचा मिळाला. दिसायला सारखे पण आतून दोन जातीचे असतात. एकात नुसत्या तारा असतात, फोनने स्वतः आवाजाचा सिग्नल टाइप-सीमधून बाहेर सोडला तरच तो चालतो, आणि पुष्कळ फोन आता तो सोडत नाहीत. दुसऱ्यात डॅक नावाची चिप असते, फोन तिला आकडे देतो आणि ती त्याचा आवाज करते, हा जवळपास सगळ्या टाइप-सी फोनांवर चालतो. तुम्हाला दुसरा हवा. घेताना "डॅक आहे का" असं सरळ विचारा, दुकानदाराला माहीत नसेल तर स्वतःचा फोन पुढे करून तिथेच वाजवून बघा. २०१६ मध्ये आयफोन सेव्हनमधून ते भोक गेलं तेव्हापासून ही कटकट सगळ्यांच्याच मागे लागली आहे. आणखी एक, अ‍ॅपलचा टाइप-सी अडॅप्टर आवाजाला छानच आहे पण बऱ्याच अँड्रॉइड फोनांवर तो फार हळू वाजतो, म्हणून अँड्रॉइडवाल्यांनी शक्यतो दुसरा बघावा.

प्रश्न : दादा, पावसात माझ्या इअरफोनचा उजवा अगदी हळू झालाय. बसमधून उतरून घामाघूम होऊन कॉलेजला पोचतो, तेव्हा जास्त. तांदळात ठेवून बघितला, फरक नाही. ड्रायव्हर गेला का? — डिचोली

उत्तर : गेला नसावा, घाई करू नका. टिप काढा, पुढे जी नळी दिसते तिच्या तोंडावर बारीक जाळी असते. त्या जाळीवर घामाचा एक थेंब पसरला किंवा कानातला मळ बसला की आवाज तिथेच अडकतो, ड्रायव्हर आत व्यवस्थित वाजत असतो. उजेडात धरून बघा, जाळीची भोकं भरलेली दिसतील. आधी टिप काढून रात्रभर कोरड्या ठिकाणी ठेवा. सकाळी आवाज परत आला तर ओल होती. नाही आला तर मळ, मग जाळीचं तोंड खाली धरून कोरड्या मऊ टूथब्रशने हलकेच झटका, तोंड खालीच हवं म्हणजे कचरा आत जाणार नाही. सुई-टाचणी घालू नका, जाळी फाटली तर मळ सरळ ड्रायव्हरच्या पडद्यावर जातो. हेअर ड्रायरही नको, गरम हवेने आतला गोंद सुटतो. काही मॉडेलांत, त्या चू टू मध्येही, पुढची नळी फिरवून बदलता येते, तशी सोय असेल तर सोन्याहून पिवळं.

तांदूळ मात्र कायमचा बंद करा, त्याचा कोंडा जाळीत जातो. बुटांच्या, बॅगांच्या खोक्यांत सिलिका जेलच्या पुड्या येतात त्या फेकू नका, घट्ट झाकणाच्या छोट्या डब्यात दोन-तीन पुड्या टाकून इअरफोन रोज त्यात ठेवा. आपल्या जून-जुलैच्या हवेत ही चैन नाही, गरज आहे, आणि किनाऱ्याकडे राहणाऱ्यांनी तर बारा महिने ठेवावं कारण खारी हवा पिन आणि जॅक खाते. जॅक फिरवल्यावर खरखर येत असेल तर कापसावर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा, पूर्ण वाळल्यावरच लावा. काढता येणारी वायर असेल तर दोन्ही बाजूंच्या वायरी अदलाबदल करून बघा, दोष वायरीबरोबर सरकला तर नुसती वायर बदलून भागेल. पारदर्शक वायर आतून हिरवट झाली असेल तर घाबरू नका, तांबं हवेने हिरवं पडतं, आवाजात त्याने सहसा काही फरक पडत नाही.

प्रश्न : नवीन इअरफोन शंभर तास वाजवत ठेवला की "उघडतो" असं सगळे सांगतात. खरं का? — म्हापसा

उत्तर : नाही वाजवलात तरी चालेल. मोजमापांत जो फरक सापडतो तो इतका बारीक असतो की टिप थोडी तिरकी बसली तर त्याहून जास्त पडतो. बदलतो तो आपला कान, म्हणजे त्या आवाजाला सरावतो. पण ह्यात एक खरा तोटा आहे, शंभर तास वाजवण्याच्या नादात परत करायची मुदत निघून जाते. पहिल्या दिवशी टोचला तो टोचराच आहे, परत करा.

प्रश्न : माझा मुलगा नववीत आहे, शाळेच्या बसमध्ये तासभर जायला तासभर यायला, पूर्ण वेळ कानात इअरफोन आणि आवाज इतका की शेजारी बसलं तरी ऐकू येतो. हे कानात घालायचे बंदच करावेत का? साधे शंभर-दीडशेचे आहेत. — एक आई, काणकोण

उत्तर : ताई, काळजी अगदी योग्य आहे. जागतिक आरोग्य संघटनेने मुलांसाठी सांगितलेली मर्यादा ७५ डेसिबलला आठवड्याला ४० तास अशी आहे, मोठ्यांना ८० डेसिबलला ४० तास. आणि दर ३ डेसिबल वाढले की सुरक्षित वेळ निम्मा होतो, म्हणजे ७८ ला २० तास, ८१ ला १०, ८४ ला ५ आणि ८७ ला जेमतेम अडीच. शेजारच्याला ऐकू येतंय म्हणजे तो ह्याच्या बराच वर असण्याची शक्यता आहे, आणि त्याचे बसचेच आठवड्याला दहा-बारा तास होतात.

पण तो आवाज का वाढवतो ते बघा. शंभर-दीडशेवाले बरेचदा कडक प्लास्टिकचे, नुसते कानाच्या तोंडाशी टेकणारे असतात, बसच्या इंजिनाची घरघर सरळ आत येते आणि तिच्यावर मात करायला पोरगं आवाज वाढवतं. रबराची टिप नीट बसलेला इअरफोन ती घरघर बाहेरच अडवतो, मग त्याच गाण्याला खूप कमी आवाज पुरतो. म्हणून मी बंद करा म्हणणार नाही, बदला म्हणेन. हजाराच्या आतही केझेडसारख्या कंपन्यांचे ठीक मिळतात, फक्त बेस फुगवलेला नको. मुलांच्या कानाची नळी लहान असते, सगळ्यात छोटी टिप लावून बघा. फोनच्या सेटिंगमध्ये आवाजाची कमाल मर्यादा घालता येते, ती त्याच्यासमोर, त्याला हे आकडे समजावून घाला, गुपचूप घातली तर तो काढून टाकेल. बस उभी असताना, इंजिन बंद असताना त्याला आवाज ठरवू द्या आणि बस सुटल्यावर वाढवायचा नाही असा नियम करा, हा नियम मुलं पाळतात कारण त्यांना तो पटतो. बाहेरचं ऐकू येणं कमी होतं हे मात्र लक्षात ठेवा, बसमधून उतरायच्या आधी इअरफोन खिशात गेलाच पाहिजे, रस्ता ओलांडताना, सायकलवर किंवा स्कूटरवर मागे बसतानाही नाही.

आणि त्याला आजच विचारा, इअरफोन काढल्यावर कानात टीं-टीं वाजतं का, किंवा थोडा वेळ कमी ऐकू येतं का. तसं होत असेल तर आठवडाभर इअरफोन पूर्ण बंद ठेवा, आणि तरीही थांबलं नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेऊन ऐकण्याची तपासणी करून घ्या.